हौस नक्की कोणाची?

पाचव्या-सहाव्या वर्षीच मुलांचा एक खेळ पक्का करून टाका, असं एका लेखात वाचलं; ते म्हणणं काही पटलं नाही. आमच्या लेकीला ६ व्या वर्षी टेनिसला घातलं (हौस माझीच, खरं तर). तासातला निम्मा वेळ रांगेत जायचा. ही आपली रॅकेटच्या जाळीतून आभाळ बघत उभी. पोहायला नेलं तर ओठ निळे पडले तरी 'अजून एकदाच' चालू! टेनिसपटू फेडररसुद्धा लहानपणी फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन सगळं खेळायचाच की. जिम्नॅस्टिक्स लवकर सुरू करावं लागतं, मान्य. बाकी खेळांचा क्लास लावण्याआधी एकदा बाजूला बसून मोजा, तासाभरात एकेका मुलाच्या वाट्याला चेंडू कितीदा येतो ते.