बाजूच्या पाच ओळी

मागच्या डिसेंबरात शेतात भरीत पार्टी होती. खान्देशात थंडी पडली की हे ओघानं आलंच. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारी हिरवी मिरची. आम्ही अकरा जण. वांगी भाजून होईपर्यंत एकानं मोबाइलवर स्फोटाची बातमी वाचून दाखवली आणि विषय पेटला, हा धर्माच्या नावाचा दहशतवाद येतो कुठून?

"त्यासना धरममाच शे ते, आप्पा," एक म्हणाला.

"नही रे भो, हाई बठं अमेरिकानं करेल शे," दुसरा म्हणाला. हा केळीचा व्यापारी. रावेर-यावलची केळी कंटेनरमधून इराणला, आखाताला जाते, त्यामुळे तिकडं काही झालं की याचा भाव पडतो. परराष्ट्र धोरणावर बोलायचा हक्क आमच्यात कुणाला असेल तर यालाच.

पुढचा तासभर हीच दोन वाक्यं, त्यांच्या धर्मातच आहे ते आणि हे सगळं अमेरिकेनं केलंय, आवाज चढवून पुन्हा पुन्हा झाली. जिनिंगची मशिनं दुरुस्त करणारा आमचा चाचा खाली मान घालून भाकरी कुस्करत होता. तो आमच्यापेक्षा अस्सल अहिराणी बोलतो, एरवी पार्टीत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असतो. निघताना मी त्याला विचारलं, गप्प का होतास? म्हणाला, "मी काहीही बोललो तरी ती कुणाची तरी बाजू होते."

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून व्हायला बरेच दिवस गेले. लांबलंय, आधीच सांगतो.

माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेली कपाशी, २००२ मध्ये आला, २००६ पासून त्याचं पुढचं वाण बोलगार्ड-२ आलं, दोन्हीची पाकिटं मी पोत्यांनी विकली. पाकिटात ४५० ग्रॅम बीटी आणि सोबत १२० ग्रॅमची छोटी पिशवी, साध्या कपाशीची. तिला सगळे 'रेफ्युजी' म्हणत. नियम असा होता की शेताच्या कडेनं हिच्या किमान पाच ओळी लावायच्या. साध्या कपाशीवर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटीवर तरलेल्या पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडणारी निघते. ओळी नसल्या तर तरलेले तरलेल्यांशीच जुळतात.

शेतकरी विचारायचा, आप्पा, या पिशवीचं काय करू? मी म्हणायचो, फेक. जागा कशाला वाया घालवतो?

२०१७ मध्ये बांधावर उभं राहून मी स्वतःच्या शेतातली डोमकळी उघडली. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या, आत अळी. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की सरकी पोखरलेली आणि कवडीचा कापूस. त्या वर्षी महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते इथं कुणाला सांगायला नको. लोक कंपनीला शिव्या देत होते, मीही दिल्या. छोट्या पिशव्या कुणी फेकायला लावल्या हे मी दुकानात कधी बोललो नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय.

आता उदाहरण ताणू नका. माणसं म्हणजे अळ्या नव्हेत, धर्म म्हणजे रोग नव्हे. मला फक्त त्या पाच ओळींबद्दल, म्हणजे कुठल्याच टोकाला नसलेल्या साध्या माणसांच्या जागेबद्दल बोलायचंय.

इराण घ्या. मोसादेक नावाचा पंतप्रधान, संसदेनं निवडलेला, १९५१ मध्ये ब्रिटिश कंपनीकडून तेल काढून घेऊन देशाच्या मालकीचं करतो. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी मिळून त्याला खाली खेचलं. ही आता अफवा राहिलेली नाही. २०१३ मध्ये उघड झालेल्या सीआयएच्या स्वतःच्या कागदांत त्याची कबुली आहे. त्यानंतर शहाची गादी पक्की झाली, १९५७ मध्ये सावाक हे गुप्त पोलीस खातं उभं राहिलं, मोसादेकचे लोक आणि डावे वेचून वेचून संपवले गेले. १९७५ मध्ये तर देशात एकच पक्ष ठेवला. पक्ष बंद करता येतो, मशीद बंद करता येत नाही. मग राग साठायला जागा एकच उरली. १ फेब्रुवारी १९७९ ला हद्दपारीतून परतलेले धर्मगुरू खोमेनी विमानातून उतरले तेव्हा समोर लाखो लोक होते. त्यातल्या सगळ्यांना मौलवींचं राज्य हवं होतं असं मला वाटत नाही. पण संघटना, पैसा आणि गल्लोगल्ली माणूस त्यांच्याकडेच होता.

केळीवाल्या मित्राला हे सगळं आवडेल. पण दादा, थांब. चिलीत १९७३ मध्ये निवडून आलेलं सरकार असंच उलथलं, अमेरिकेचा तिथंही हात होता. व्हिएतनामवर किती बॉम्ब पडले ते जगाला माहीत आहे. तिथून कुणी धर्माच्या नावानं विमानं इमारतींवर नेली नाहीत. म्हणजे नुसत्या जुलमातून हे पीक येत नाही, बी आधी मातीत असावं लागतं. सय्यद कुत्ब या कट्टर इस्लामी लेखकाला इजिप्तमध्ये १९६६ मध्ये फाशी झाली, तोवर त्यानं लिहायचं ते लिहून ठेवलं होतं. सौदीतला कडवा वहाबी विचार तर अठराव्या शतकातला, अमेरिका जन्मायच्या आधीचा. ज्यांना फक्त वॉशिंग्टनला दोष द्यायचाय त्यांनी या दोन गोष्टींचं काय करायचं ते सांगावं. चाप ओढणाऱ्याचं बोट त्याचं स्वतःचंच असतं.

पण बी मातीत शंभर जातीचं असतं. पाणी कुठल्या सरीत सोडायचं हे बारे धरणारा ठरवतो.

अफगाणिस्तानात हे उघड्या डोळ्यांनी झालं. १९७८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि काबूलजवळच्या पुल-ए-चरखी तुरुंगात हजारो माणसं मारली. शिकलेली, मवाळ, देवाधर्माची, सगळी. १९७९ च्या डिसेंबरात रशियन फौजा घुसल्या. अमेरिकेनं पैसा ओतला आणि जेवढा अमेरिकेचा तेवढाच सौदीचा, डॉलरला डॉलर. वाटायचं काम पाकिस्तानच्या आयएसआय या हेरखात्याकडे, आणि वर त्यांचे लष्करशहा झिया उल हक. झियांनी रशियनांशी लढणाऱ्या मुजाहिदांचे पेशावरमधले सात पक्ष मान्य केले. छावणीतल्या निर्वासिताला रेशन हवं तर यातल्या एका पक्षाची चिठ्ठी लागायची. सर्वात मोठा वाटा त्यातल्या एका पक्षाच्या नेत्याला, हेकमतयारला. लोक त्याच्यामागे होते म्हणून नव्हे, तो पाकिस्तानच्या सोयीचा होता म्हणून.

त्याच काळात अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा शाखेनं, अमेरिकी सरकारच्या पैशानं, अफगाण मुलांसाठी दारी आणि पश्तो पाठ्यपुस्तकं तयार केली. चौथीच्या गणितात एक उदाहरण आहे. कलाश्निकोव्हची गोळी सेकंदाला ८०० मीटर जाते. रशियन ३२०० मीटरवर आहे. मुजाहिदानं त्याच्या डोक्याचा नेम धरला तर गोळी किती सेकंदांत लागेल? उत्तर चार. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिच्या गणितात आंबे असायचे, फार तर आगगाड्या. ही पुस्तकं पुढं तालिबाननंही वापरली, फक्त चित्रांतले माणसांचे चेहरे खोडून टाकले.

आणि आता ज्या माणसासाठी मी ही पोस्ट लिहितोय तो. सय्यद बहाउद्दीन मजरूह. काबूल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचा, कवी होता. पश्तून बायकांच्या दोन ओळींच्या गाण्यांना लांडे म्हणतात, आपल्या ओव्यांच्या जवळची गोष्ट, ती त्यानं गोळा केली. रशियन आल्यावर पेशावरला येऊन त्यानं अफगाण माहिती केंद्र काढलं. छावण्यांमधून फिरून त्यानं निर्वासितांना साधा प्रश्न विचारला, तुम्हाला नेता कोण हवा? सुमारे ७० टक्के लोकांनी पदच्युत राजा झहीर शाहचं नाव घेतलं. सात पक्षांचे नेते फारच थोड्यांना हवे होते. मजरूहनं हे छापलं. ११ फेब्रुवारी १९८८ ला पेशावरमध्ये त्याच्या घराच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १९८७ मध्ये, क्वेट्टात मीना नावाच्या बाईला मारलं होतं. ती अफगाण बायकांची संघटना चालवायची, रशियनांच्याही विरोधात आणि मुल्लांच्याही.

या दोघांसाठी कुणी स्टिंगर क्षेपणास्त्र पाठवलं नाही. त्यांनी मागितलंही नसतं.

१९८९ च्या फेब्रुवारीत रशियन गेले आणि अमेरिकेचा रस संपत गेला. शेत उभंच सोडलं. आपल्याकडे फरदड घेतात ना, आणखी दोन वेचण्या मिळतील या आशेनं कपाशी उन्हाळ्यापर्यंत राखतात आणि अळीला वर्षभर घर मिळतं, तसं. इथं त्या वेचण्या पाकिस्ताननं केल्या. १९९६ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं. १९९९ मध्ये आपलं अपहरण झालेलं विमान कंदाहारला उभं होतं आणि आपण तीन अतिरेक्यांना सोडून आलो.

गाझात इस्रायलनं १९७९ मध्ये शेख यासीनच्या धर्मादाय संस्थेला परवाना दिला, कारण त्या वेळचा मुख्य शत्रू अराफतची निधर्मी पॅलेस्टिनी संघटना पीएलओ होती. १९८७ मध्ये हमास निघाली ती याच माणसांतून. यावर अधिक लिहिलं तर कमेंटमध्ये युद्ध होईल, म्हणून इथंच थांबतो.

"आणि आपलं काय?" असं कुणीतरी विचारणारच. विचारायलाच हवं.

माझी मुलगी पुण्यात शिकत होती. तिच्या वर्गात काबूलची एक मुलगी होती. पुण्यात तेव्हा अफगाण विद्यार्थी भरपूर, भारत सरकार दरवर्षी त्यांना शिष्यवृत्त्या द्यायचं. मला विचाराल तर शेजारच्या देशात आपण केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. दिवाळीत ती आमच्याकडे आठ दिवस राहून गेली. येताना सुकवलेली तुतं घेऊन आली होती, पांढरी, गोड, चिवट. माझ्या आईनं तिला भाकरी थापायला शिकवली. पहिल्या तीन फाटल्या, चौथी बरी जमली. शेवभाजीचा पहिला घास घेऊन तिनं जे तोंड केलं त्याचा फोटो अजून आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतो.

कोविडमध्ये ती घरी गेली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. दहा दिवसांनी आपल्या सरकारनं भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. सुरक्षेचं कारण मी समजू शकतो. कुणाच्या पासपोर्टवर कोण येईल याचा भरवसा नव्हता. पण महिने गेले, वर्षं गेली, आणि तिच्यासारखी मुलं तिकडंच अडकली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीला आले, देवबंदला जाऊन आले, आपण काबूलमध्ये पुन्हा दूतावास सुरू करायचं ठरवलं. मी याला विरोध करणार नाही. पाकिस्तानशी त्यांचं बिनसलेलं असताना बोलणं हा व्यवहार आहे, आणि व्यवहार मला दुकानात बसून कळतो. पहिल्या पत्रकार परिषदेत बायका नव्हत्या, बोंबाबोंब झाल्यावर दुसरी घेतली, तीत त्या पुढच्या रांगेत बसल्या. ठीक. पण मंत्र्याला व्हिसा मिळाला आणि भाकरी थापणाऱ्या पोरीला मिळाला नाही, हे वाचताना मला ती १२० ग्रॅमची पिशवी आठवली. फेक म्हणणारा माझाच आवाज आठवला.

चाचाला मी ही पोस्ट टाकायच्या आधी वाचून दाखवली. त्यानं ऐकून घेतली, चहा संपवला. पुढच्या भरीत पार्टीला बोलायचं ठरवून येईन म्हणाला, आणि तेल जास्त घालत जा म्हणाला.

माझ्या मुलीची त्या मुलीशी अजून गाठ आहे, नेट असेल तेव्हा. मागच्या महिन्यात तिनं विचारलं होतं की शेवटचं सेमिस्टर राहिलं ते राहिलं, निदान आधीच्या सेमिस्टरच्या मार्कशीट तरी पोस्टानं मिळतील का. मुलगी कॉलेजात जाऊन आली. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, विद्यार्थ्यानं स्वतः येऊन सही करावी लागते.