चंद्रपूरला म्युनिकचा दाखला देऊ नका

शाळेतल्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर सप्टेंबरअखेरीस म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेतल्या तंबूतले एक छायाचित्र फिरले. त्याखाली एका मित्राने लिहिले होते की, साठ लाखांहून अधिक माणसे इथे दोन आठवड्यांत उघडपणे बिअर पितात, सोबत लेकरे असतात, आपल्या काकूसुद्धा बसल्या आहेत, आणि तरी जर्मनीचे काही बिघडत नाही. मग आपल्या चंद्रपुरात २०१५ पासून सहा वर्षे दारूबंदी लादून काय साधले आणि शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून अजून कशासाठी चालू आहे? ते छायाचित्र माझे होते आणि त्यातल्या काकू म्हणजे माझी आई. तिच्यासमोरच्या पेल्यात सफरचंदाचा रस होता. मी ते दोन मैत्रिणींना कौतुकाने पाठवले होते. ते असे पुरावा म्हणून वापरले गेले याची चीड अजून शमलेली नाही.

मी सोळा वर्षे म्युनिकमध्ये राहते आणि वीझनचे (ऑक्टोबरफेस्टला इथले लोक असेच म्हणतात) मैदान माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर आहे. माझ्या मित्राला त्या छायाचित्रात जी मोकळीक दिसली, तिच्याइतकी नियमांनी बांधलेली मोकळीक मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बिअर विकायची ती म्युनिकच्या सहाच कारखान्यांनी, बाकी कोणी नाही. मोठ्या तंबूंत टेबलावर जागा मिळाली तरच मास, म्हणजे लिटरभर बिअरचा पेला, समोर येते आणि रात्री साडेदहाला शेवटची दिली जाते. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी दारातूनच परत जाते. सहा वर्षांखालच्या मुलांना रात्री आठनंतर तंबूत थांबता येत नाही. संध्याकाळी सहापर्यंत वाद्यवृंदाने ८५ डेसिबलच्या वर जायचे नाही, हा दंडक २००५ पासून आहे. घरी जाताना गाडी चालवणाऱ्याला पोलिसांनी थांबवले आणि रक्तात अल्कोहोल हजारात अर्धा भाग निघाला, तर दंड होतो आणि परवाना महिनाभर जातो. सायकलस्वारालाही मर्यादा आहेच. आपल्याकडे ड्राय डेची टिंगल करणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल की याच बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, गुड फ्रायडेला नाचगाण्यावर कायद्याने बंदी असते आणि ती माझे नास्तिक सहकारीही कुरकुरत का होईना, पाळतात.

पैशांचा हिशेबही त्या छायाचित्रात दिसत नाही. २०२५ मध्ये एका लिटरच्या मासला साडेचौदा ते पावणेसोळा युरोच्या आसपास मोजावे लागले आणि तेव्हा इथली किमान मजुरी तासाला १२.८२ युरो होती. म्हणजे सर्वांत कमी कमावणाऱ्यानेही एक मास प्यायली, तर त्याचा तास-सव्वा तास गेला. आमच्या भागात कोळसा खाणीच्या रस्त्यावरच्या गुत्त्यात जे पैसे जायचे, ते तासाने नव्हे, आठवड्याने मोजावे लागे. आमच्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याची मजुरी शनिवारी घरापर्यंत पोहोचत नसे, हे मला सातवी-आठवीत असल्यापासून माहीत होते. रविवारी मावशी उशिरा आल्या तर आई त्यांना काही विचारत नसे.

बंदी फसली, हे मला नाकारायचे नाही. वणीकडून आणि तेलंगणातून माल येत राहिला, हातभट्ट्या चालल्या, पोलिसांच्या हाती जेवढा लागला त्याहून अधिक प्यायला गेला. २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवताना अवैध दारूचेच कारण पुढे केले. पण ती कुणा साधुपुरुषाच्या लहरीतून आली नव्हती. २०१० च्या डिसेंबरात जिल्ह्यातल्या बायका चिमूरहून नागपूरला विधानसभेच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या होत्या. आपल्या कायद्यात बाईला दारूच्या दुकानाविरुद्ध एक सोय दिलेली आहे: मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. ज्या बाईला पोलीस ठाण्यात कुणी बसू देत नाही, तिच्या हातात एवढेच असेल, तर तिने बाटली आडवी करायचीच. वीझनवर २००३ पासून मुली आणि स्त्रियांसाठी सुरक्षेचे स्वतंत्र केंद्र चालते. चुकामूक झालेली, घाबरलेली किंवा कुणाचा हात अंगावर आलेली मुलगी तिथे जाऊन बसू शकते आणि तिला घरी पोहोचवले जाते. आमच्या मावशींनी बंदीऐवजी हे मागितले असते, तर त्यांना ते कोणी दिले असते, हे मला त्या मित्राकडून ऐकायचे आहे.

आणि २०१० चा उल्लेख करताना माझी जीभ अडखळते. त्या वर्षी ऑक्टोबरफेस्टला दोनशे वर्षे झाली होती. १८१० मध्ये युवराज लुडविग आणि थेरेझ यांच्या लग्नानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीतून ही जत्रा सुरू झाली, म्हणून मैदानाच्या एका भागात जुन्या काळची वीझन उभारून पुन्हा घोडे पळवले गेले. मी पहिल्यांदा तिथे गेले ती तेव्हाच, डिर्न्डल या बव्हेरियन पोशाखात, तोही उसना, आणि आयुष्यातली पहिली बिअर तिथेच प्यायले. डिसेंबरात आई फोनवर म्हणाली की, मावशी मोर्चात गेल्या आहेत आणि आठवडाभर भांडी तिलाच घासावी लागत आहेत. मोर्चा कशासाठी, हे मी विचारले नाही. ते मला कळले बंदी लागू झाल्यावर, बातम्यांतून. मावशींच्या वतीने आज मी जे इतके ठामपणे लिहिते आहे, ते पंधरा वर्षे उशिरा आणि जवळजवळ दरवर्षी मास पिऊन लिहिते आहे, हे माझ्या मित्राने माझ्या तोंडावर म्हटले, तर मला उत्तर नाही.

२०२५ मध्ये आई पहिल्यांदा सप्टेंबरात आली. तंबूत तिला गोंगाटाचा त्रास झाला नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी तिला आपल्यातला ब्रेझं हा खारट पाव मोडून दिला, तो तिने मीठ झटकून खाल्ला. बराच वेळ बघून तिने विचारले, "यातली किती माणसं उद्या कामावर जातील?" मी म्हणाले, "सगळी." हे मी अशा अभिमानाने म्हणाले, जणू ती शिस्त माझ्या घरची होती. मैदानाच्या कडेला बव्हेरियाच्या पुतळ्याखाली गवताचा एक उतार आहे. दुपारपासूनच तिथे माणसे पडलेली असतात, काही ओकत, काही बेशुद्ध, आणि प्रथमोपचाराची पथके त्यांच्यामधून फिरत असतात. तिकडून यू-बानचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, दुसरे स्थानक जवळ पडते आणि एरवी मी त्याच वाटेने जाते. त्या दिवशी आईचा हात धरून मी तिला उलट्या दिशेने, फुलांनी सजवलेल्या मुख्य कमानीतून बाहेर नेले.