आईचं आधार कार्ड आणि न आलेली बस

आज सकाळी आईला घेऊन बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या स्टॉपवर पाऊण तास उभा होतो. बेळगावच्या कॅम्पात डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. गाडीवरनं सोडतो म्हटलं तर ऐकते कुठली? "बस फुकट हाय की, पेट्रोल कशाला जाळतोस?" 11 जून 2023 ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाली, तेव्हापासून तिचं आधार कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून कायम पिशवीत.

एक बस आली. दारात माणसं लोंबत होती, थांबलीच नाही. दुसरी आलीच नाही. तोवर समोरनं नुसत्या गाड्या. एका गाडीवर एक माणूस, सगळे त्याच वेळेला बेळगावलाच निघालेले. आई नाकाला पदर लावून खोकत बसलेली.

आणि संध्याकाळी आपलीच माणसं ग्रुपवर लिहिणार, बेळगावची हवा पूर्वीची राहिली नाही! कशी राहील ओ? माझ्याच घरात चार माणसं आणि तीन गाड्या. हौस नाही ती. पोरगा उद्यमबागला कामाला, शिफ्टच्या वेळेला बसचा भरवसा नाही म्हणून कर्ज काढून गाडी घेतली. हप्ता आम्ही भरायचा, धूरही आम्हीच खायचा.

2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपलं नाव आलं तेव्हा गल्लीत कुंदा वाटायचाच काय तो बाकी होता. स्टॉपवर शेड नसली तरी चालेल हो, छत्री आहे माझ्याकडे. बस पाठवा! दर पंधरा मिनिटांनी एक, बास.

कुणी म्हणेल, जुन्या डिझेल बसच काळा धूर ओकतात. ओकतात. पण पन्नास माणसं घेऊन ओकतात. आणि धूर एकटा थोडाच आहे? टायर, ब्रेक, रस्त्याची धूळ... त्यातला अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसात जाऊन बसतो. इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या तरी टायर काय हवेत चालणार आहेत? हुबळी-धारवाडला बससाठी वेगळा रस्ता केलाय, बावीसेक किलोमीटर. त्याच्याही तक्रारी आहेत, माहीत आहे. पण निदान करून तरी बघितलं.

बसची पाटी मराठीत की कन्नडमध्ये, हे भांडण आज काढत नाही. पण आईला कन्नड वाचता येत नाही. येईल त्या बसकडे बघून शेजारच्या पोरीला विचारत होती, "ही खंयची गो?" ती पोरगी कन्नड बोलणारी. तिला काय कळलं कोण जाणे, पण दर वेळेला हसून मान हलवायची. नाही, ही नाही. तीही कॉलेजला उशीर होऊन तिथंच उभी.

शेवटी आईला गाडीवर घातलंच. शहापुरात एका टिपरच्या मागं अडकलो, तिचा खोकला माझ्या पाठीवर जाणवत होता. दवाखान्यात पोचलो तर नंबर गेलेला. उद्या या म्हणाले.

घरी आल्यावर तिनं आधार कार्ड पुसून पुन्हा पिशवीत ठेवलं. म्हणाली, "उद्या सातालाच जाऊन थांबूया. मिळंल बस."