मशीनवरचा ‘इतर’

माझी कामाची खोली दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात टेलिफोन बूथसारखी काचेची पेटी, टेबलावर नाकाला लावायचे चिमटे आणि पांढऱ्या नळ्यांचा डबा. दिवसातून वीसेक वेळा मी एकच ओरडते: मोठा श्वास घ्या, आता फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका! शेजारच्या खोलीतली बाई म्हणते, तुझ्याकडे रोज बाळंतपण चालू असतं.

इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातलं हे एक मोठं अध्यापन रुग्णालय. फुप्फुसाच्या तपासण्या करणं हे माझं अकरा वर्षांचं काम. मी मूळची अंबाजोगाईची. इथल्या वस्तीत गुजराती, पंजाबी भरपूर, त्यामुळे नव्वारी नाही तरी साडीवर स्वेटर घातलेली एखादी आजी रोज असतेच.

फुंकण्याआधी मशीनला चार गोष्टी सांगाव्या लागतात: वय, उंची, लिंग आणि वंश. त्यावरून ‘या माणसाचं फुप्फुस किती असायला हवं’ हे मशीन ठरवतं आणि प्रत्यक्षात किती भरलं त्याची टक्केवारी काढतं. २०१२ साली आलेल्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या समीकरणांत वंशाचे पाच कप्पे होते. गोरे, आफ्रिकन अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई आणि पाचवा ‘इतर किंवा मिश्र’. भारतीय उपखंडाला कप्पाच नाही. दीडशे कोटींहून जास्त माणसं ‘इतर’. मी कित्येक वर्षं त्या आज्यांच्या नावापुढे हसतमुखाने ‘इतर’ दाबत आले.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरने १८४६ साली स्पायरोमीटरवर, म्हणजे फुंकायच्या या यंत्रावर, दोन हजारांहून जास्त छात्या मोजल्याचं प्रसिद्ध केलं, त्या इंग्लंडातल्या होत्या, कारण त्याच्यासमोर त्याच होत्या. ज्याने मोजलं त्याचं माप झालं. पुढे अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी याच यंत्राचा हवाला देऊन काळ्या माणसांची फुप्फुसं मुळातच कमकुवत म्हणून सांगितलं, तो इतिहास वेगळा आणि घाणेरडा. २०२२ मध्ये वंश न विचारणारं सगळ्यांसाठी एकच समीकरण आलं, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तेच वापरा म्हणून सांगितलं. बरं झालं. पण आमच्याकडची फुप्फुसं सरासरीने लहान भरतात ती कशामुळे? बांधा, की लहानपणची उपासमार, की चुलीचा धूर? हा प्रश्न समीकरण बदलून मिटत नाही. तो आमच्याकडेच कुणीतरी बसून सोडवावा लागेल.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण आमचा दहावीचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे सध्या वैद्यकीय महाविद्यालयांवरून जुंपली आहे. २०२४ मध्ये जालना आणि हिंगोलीला सरकारी कॉलेज सुरू झालं, त्याआधी धाराशिव आणि परभणी. संभाजीनगरचं घाटी रुग्णालयाचं कॉलेज १९५६ पासूनचं; अंबाजोगाई, नांदेड, लातूर होतेच. म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ग्रुपमधला एक गट हारतुरे घेऊन तयार. दुसरा म्हणतो, भिंती आल्या, मास्तर कुठंयत? तिसऱ्याचं ठरलेलं: एम्स नागपूरला नेलं, आपल्याला काय, अनुशेष! हा अनुशेष मोजणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० ला संपली ती संपलीच, हे तो दर आठवड्याला आठवण करून देतो. खोटं काहीच नाही त्याचं.

मला मात्र या भांडणात एक गोष्ट सापडत नाही. कॉलेज म्हणजे खाटा, जागा, यंत्रं, नेमणुका एवढंच सगळे मोजतात. तिथे आमच्या आजारांबद्दल काही नवीन शोधलं जाणार आहे का, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं तर एकाने लिहिलं, ‘ताई, आधी गोळ्या तर मिळू द्या, संशोधन श्रीमंतांचे चोचले.’ त्याला सतरा अंगठे.

त्या सतरा जणांसाठी अण्णांची गोष्ट सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक, विडीला कधी हात न लावलेले. पाच वर्षांपूर्वी त्यांना कोरडा खोकला लागला, मग जिना चढताना दम. गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला, डाग दिसला आणि क्षयाची औषधं सुरू. थुंकी तपासली नाही. जी तपासणी सरकारीत फुकट होते ती. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, लघवी केशरी झाली, वजन उतरलं, दम होता तसाच. मी इथून फोनवर ‘अण्णा, रिपोर्ट पाठवा’ म्हणायची, आणि ते ‘डॉक्टर म्हणायलेत फरक पडंल, तू काळजी करू नको माय’ म्हणून विषय संपवायचे. परदेशातल्या लेकीचं ज्ञान घरी अर्ध्या किमतीला जातं.

शेवटी भावाने एका सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या रांगेत तीन तास बसल्यावर एका निवासी डॉक्टर मुलीने अण्णांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. चपलेची वेल्क्रोची पट्टी उचकटावी तसा आवाज खालच्या भागात येत होता. तिने नखं बघितली आणि मग विचारलं, ‘काका, घरात कूलर आहे? त्याचं गवत कधी बदललंय?’

कूलर होता. पत्र्याचा, आईच्या हयातीतला, गुढीपाडव्याला माळ्यावरून उतरायचा आणि मृग बरसल्यावर परत चढायचा. गवत तीन वर्षांचं. मागच्या बाजूने हात लावला तर काळं बुळबुळीत हाताला लागायचं. अण्णांची खाट बरोबर त्याच्या झोतासमोर.

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, असं त्या आजाराचं लांबलचक नाव. ओलसर गवतातली बुरशी आणि जिवाणूंचे कण श्वासाबरोबर आत जातात, शरीर त्यांच्यावर भडकून उठतं, फुप्फुसाला सूज येते. हे वर्षानुवर्षं चाललं की भाजलेल्या कातडीसारखं आतलं नाजूक जाळं आकसून कडक होतं. कडक झालेलं परत मऊ होत नाही.

त्या मुलीने कूलरचं विचारलं, कारण कुणीतरी आधी मोजलं होतं. भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात अशा वण पडणाऱ्या फुप्फुसरोगांच्या १०८४ रुग्णांची नोंद केली आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पाश्चात्त्य पुस्तकांत वरच्या क्रमांकावर असतो तो कारण न कळता वण पडत जाणारा फायब्रोसिस, ज्याला आयपीएफ म्हणतात. आपल्याकडे तो चौदा टक्क्यांच्या आत निघाला. पहिला नंबर लागला अण्णांच्या आजाराचा, जवळजवळ ४७ टक्के. आणि त्यातल्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या आसपास काय होतं? कूलर. माझ्या इथल्या विभागात कबुतरं पाळणारे, पोपट पाळणारे, कुजकं गवत हाताळणारे शेतकरी यांच्याबद्दल सगळे हटकून विचारतात. कूलर त्यांच्या यादीत नाही. असणार कसा?

इथलं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. दर बुधवारी आमच्याकडे छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि खास नर्स एका खोलीत बसून एकेका रुग्णाचा सीटी स्कॅन एकत्र बघतात, भांडतात, आणि मग निदान ठरतं. हे मला फार मोलाचं वाटतं, आणि त्याला खुर्च्या, एक पडदा आणि दीड तास लागतो. पण त्या बुधवारपर्यंत पोचायला रुग्णाला महिने लागतात. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा इथला नियम, तो वर्षानुवर्षं पाळला गेलेला नाही. अण्णांचा सीटी सकाळी सांगितला आणि संध्याकाळी हातात होता. माझ्या इथल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना मी थापा मारते असं वाटलं.

औषधांचंही तसंच. फायब्रोसिसचा वेग साधारण निम्म्यावर आणणारी दोन औषधं, पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब, अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये मंजूर झाली. बरं करत नाहीत, उतार फक्त मंद करतात. इंग्लंडमध्ये ती सरकारी खर्चाने मिळायची, पण आयपीएफच्या रुग्णाची फुंकण्याची टक्केवारी ८० च्या खाली उतरल्यावरच. ८२ भरली की माणूस औषधाविना घरी. निंटेडॅनिबपुरती ही अट २०२३ मध्ये उठली. तोवर ‘अभिनंदन, तुमचं अजून पुरेसं बिघडलं नाही’ हे नजरेने सांगायची वेळ माझ्यावर किती वेळा आली असेल. आणि ती टक्केवारी कशाची? ‘इतर’ची. आपल्याकडे पिरफेनिडोनची देशी गोळी २०१० पासून दुकानात आहे. खिसा असला की झालं. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण तो सगळा जोर दाखल होणाऱ्या रुग्णावर. वर्षानुवर्षं घरी बसून खायच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च घरच्यांचाच.

संशोधन म्हणजे श्रीमंतांचे चोचले म्हणणाऱ्यांना मी कोविडची आठवण देते. मार्च २०२० मध्ये इथे ‘रिकव्हरी’ नावाची औषधांची चाचणी सुरू झाली. प्रयोगशाळा चकाचक नव्हत्या. तालुक्याच्या दर्जाची रुग्णालयंसुद्धा त्यात होती. घाईत असलेला डॉक्टर दोन मिनिटांत रुग्णाची नोंद करायचा, कोणतं औषध द्यायचं ते चिठ्ठी उचलावी तसं संगणक ठरवायचा. १६ जूनला उत्तर आलं: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू तिसऱ्या हिश्शाने कमी होतात. डेक्सामेथासोन! आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात धूळ खात पडलेलं, काही रुपयांचं. आणि एप्रिल २०२१ मध्ये बीडला, लातूरला, नांदेडला माणसं कशासाठी पळत होती? रेमडेसिविरसाठी. त्याने मृत्यू टळत असल्याचा पुरावा तेव्हा नव्हता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नका असं सांगितलं होतं. माझ्या चुलतभावाने गळ्यातली चेन मोडून सहा इंजेक्शनं आणली. संशोधनाला पैसा लागतो हे खरं. ते नसण्याला किती लागतो ते त्या चेनला विचारा.

मग मराठवाड्यात काय व्हावं? एम्स मिळो, हवंच. तोवर एक गोष्ट फुकटात आहे. एमडी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. सगळे त्याला थिसिस म्हणतात आणि बहुतेक थिसिस ग्रंथालयाच्या कपाटात बाइंडिंगसह समाधिस्थ होतात. प्राध्यापकांना बढतीसाठी शोधनिबंध लागतात, त्यासाठी पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं आहेत, तो बाजार सगळ्यांना माहीत आहे. घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या छातीच्या विभागांनी ठरवलं की पुढची पाच वर्षं आपल्या मुलांचे थिसिस एकाच प्रश्नावलीभोवती फिरतील, तर? परभणी-जालन्याच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाणाऱ्या बाया, लातूर-उदगीरच्या डाळ मिलमधले हमाल, सोयाबीनच्या मळणी यंत्राशेजारी उभी राहणारी पोरं, क्षय बरा होऊनही दम न गेलेली माणसं. प्रत्येकाला एकदा फुंकायला लावा, एकाच तक्त्यात लिहा. २०१६ मध्ये जगाच्या १८ टक्के लोकसंख्येच्या आपल्या देशावर जगातल्या जुनाट श्वसनरोगांचा ३२ टक्के भार होता. रुग्णांची टंचाई तर कुणी सांगू नये.

हे मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले, एक माझ्या मावसबहिणीचा.

अण्णा आता स्टेरॉइड आणि निंटेडॅनिबवर आहेत, पोट बिघडतं म्हणून कुरकुरतात. कूलर भंगारात गेला. मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला तेव्हा व्हिडिओ कॉलवर उघडे बसले होते, हातात पुठ्ठा.

‘बाई, कूलर नाही म्हणता, ठीक. एसीचं बिल परवडत नाही. गवताऐवजी ते कागदी जाळीचं नवीन निघालंय म्हणं. ते चालतंय का? औषध टाकून धुतलं तर? किती दिवसाला धुवायचं? विचार की तुझ्या साहेबाला.’

विचारलं. आमचे साहेब या विषयातले नावाजलेले, सज्जन माणूस. त्यांनी आयुष्यात आपल्यासारखा कूलर पाहिला नव्हता. मी एका अपॉइंटमेंटच्या पत्रामागे चित्र काढलं: तीन बाजूंनी गवत, मधे पंखा, खाली पाण्याची टाकी, पाणी वर चढवणारा छोटा पंप. ते बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, ‘हे पाणी रोज बदलतात का?’

मी म्हटलं, आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. मग त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.