बाटलीवरचा आकडा आधी वाचा

बकरीच्या आजारांवरच्या एका लेखात ‘न्यूमोनियाला ऑक्सिटेट्रासायक्लिन (अँटिबायोटिकचं इंजेक्शन) ३ मिली’ एवढंच दिलंय. ते अर्धवट आहे. लाँग ॲक्टिंग (जास्त वेळ काम करणाऱ्या) बाटलीत एका मिलीत २०० मिलिग्रॅम औषध असतं. मात्रा किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या बकरीला ३ मिली, खोल मांसात, गरज पडली तर ७२ तासांनी पुन्हा. साध्या बाटलीत मिलीला ५० मिलिग्रॅमच असतात. तेच ३ मिली टोचले तर पाव मात्रा जाते. बकरी दोन दिवस बरी वाटते, मग पुन्हा धापते. मोठ्या ढोरांना एका जागी १० मिलीच्या वर नको, गाठ येते.

टोचण्याआधी ताप पाहा. १०४ फॅरनहाइटच्या वर ताप, घट्ट शेंबूड, चारा सोडलेला, तरच डॉक्टरांना अँटिबायोटिकचं विचारा. नुसता खोकला कुटाराच्या धुळीचा किंवा फुप्फुसातल्या जंतांचाही असतो. तोंडात फोड आणि हगवण असेल तर पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) समजा. तो विषाणूचा रोग आहे, इंजेक्शन फक्त मागून येणाऱ्या जिवाणूंसाठी. मायकोप्लाझ्मा या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूवर पेनिसिलिन चालतच नाही; ते जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीवर (पेशीभित्तिकेवर) काम करतं, आणि याला ती भिंतच नसते. टिल्मिकोसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन बकरीला कधीच नको, जीव जातो.

आणि धापणाऱ्या जनावराला नळीनं काढा पाजणं बंद करा. अर्धा फुप्फुसात जातो.