मुंबईत भाड्याचं घर हवंय? आधी नवरा शोधा

ठाण्यात, मुलुंडात, गेला बाजार डोंबिवलीत तरी परवडेल असं घर भाड्याने मिळत नाही, अशी रडगाणी गाणाऱ्यांनी आधी स्वतःत थोडी सुधारणा करावी. मी दीड महिना जिने चढून आले आहे, त्यामुळे माझा सल्ला पहाटेच्या बोंबलासारखा ताजा आहे. (बोंबील हा शब्द घरमालकासमोर काढायचा नाही. हा झाला पहिला सल्ला.)

ॲपवरचे फोटो लग्नाच्या स्थळासारखे बघावेत, भुलू नये. तो फ्लॅट ‘आज सकाळीच गेला, मॅडम’. दुसरा आहे, फक्त सहा हजार वर. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ही दलालाच्या बाईकवरची मोजायची, तीही उलट्या दिशेने घातलेल्या.

वन आरकेमध्ये पडदा टांगला की वन बीएचके होतो.

डिपॉझिटबद्दल कुरकुर करू नका. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याएवढीच मर्यादा सुचवली आहे, हे मी एका दलालाला ऐकवलं. तो इतका मनापासून हसला की त्याने मला कटिंग पाजला. करार नोंदवणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मालकाची जबाबदारी. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून नोंदणीचा खर्च तुम्ही करायचा. अकरा महिन्यांनी त्याच घरात, त्याच करारावर पुन्हा सही करताना दलालीही पुन्हा द्यायची, कारण दलालालाही मुलंबाळं आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं: एकटं राहू नका. बाई असाल तर मुळीच नको. नवरा नसेल तर एखादा उसना आणा, पण सोसायटीच्या ऑफिसात एकट्या जाऊ नका. मी गेले, मागच्याच रविवारी. मालकाला मी पसंत होते, टोकनचे दहा हजार देऊन झाले होते. कॅरमच्या टेबलापलीकडे तीन काका, एक काकू.

‘मिस्टर काय करतात?’

नाहीत.

‘अरेरे, वारले?’ काकूंच्या आवाजात चक्क आशा होती. विधवा चालली असती बहुतेक. लग्नच केलेलं नाही म्हटल्यावर चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आईवडील कुठे? चिपळूणला. मग तुम्ही तिकडे का नाही राहत? कारण माझी लॅब इथे आहे, काका. आठवड्यातून दोन नाइट असतात. ‘म्हणजे पहाटे येणार? वॉचमनला काय वाटेल?’

वॉचमनला काय वाटेल! सव्वाचारला वॉचमन खुर्चीत झोपलेला असतो, त्याला काय वाटायचंय! तुमचं रक्त, तुमची साखर, तुमचं कोलेस्टेरॉल रात्री कोण तपासतं, यमदूत? भाडं मी देणार, पोलिसांकडे माझी कागदपत्रं जाणार, आणि चारित्र्याचा दाखला हे कॅरमवाले देणार. एनओसी नाकारली. कारण लेखी मागितलं, तर ‘लेखी काही नसतं हो, समजून घ्या’.

समजून घेतलं. आता तुम्ही घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सदस्याने सोसायटीला आधी फक्त कळवायचं असतं. तुमची परवानगी कुणी मागितलेली नाही. आणि ते मधले काका, मोठ्या अभिमानाने सांगत होते, त्यांची मुलगी बंगळुरूत एकटी फ्लॅट घेऊन राहते, कंपनीत रात्रपाळी करते. तिला कुणीतरी घर दिलंच ना? तिच्या वॉचमनला काय वाटतं, हे विचारलंत का कधी फोनवर? लाज वाटायला हवी होती तुम्हाला.

आणि दलालसाहेब, ‘टोकन रिफंड होत नाही, मालकाने तर हो म्हटलं होतं’ हे मला ऐकवू नका. दहा हजार परत करा. ज्या नंबरवरून आले, तो तुमच्याकडे आहे.