मंदीत ताबा वेळेआधी मिळतो म्हणे!

'मंदी म्हणजे घर बुक करायची सुवर्णसंधी! मजूर स्वस्त, माल स्वस्त, रेरा पाठीशी, ताबा वेळेआधी.' हा मेसेज फिरत फिरत माझ्या मेव्हण्याकडे पोचला आणि तो पायाही न भरलेल्या इमारतीत टोकन द्यायला निघाला. माझी सगळी नोकरी साइटवर गेलीय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

माल स्वस्त होतो, हे अर्धं खरं. 2008च्या उत्तरार्धात स्टीलचे भाव कोसळले होतेच. पण तेव्हा ते उचलायला बिल्डरच्या हातात पैसा लागतो.

सगळ्यात घातक मुद्दा मजुरांचा. मंदीत नाक्यावर माणसं जास्त दिसतात, साइटवर नाही. बुकिंग थांबलं की हप्ते थांबतात आणि ठेकेदाराचं बिल अडकतं. दोन बिलं अडकली की तो आधी फिटर (सळ्या बांधणारे) आणि सुतार हलवतो, मग सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) प्लेटा उचलून दुसऱ्या साइटवर नेतो. मागे कॉलमच्या सळ्या गंजत उभ्या. पुढे पैसा आला तरी ती टोळी परत येत नाही. गावी गेलेली असते, नाहीतर दुसऱ्या कामाला लागलेली. नवी जमेपर्यंत पावसाळा तोंडावर येतो. स्टाफचंही तेच. क्वालिटी आणि सेफ्टीची माणसं आधी घरी जातात, एका इंजिनिअरच्या गळ्यात तीन इमारती पडतात. स्लॅबचं स्टील तपासायला तो मोकळा होईपर्यंत काँक्रीट थांबतं. किंवा थांबत नाही, न तपासताच ओततात, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते.

पुरावा हवा? 2018मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने देणी थकवली आणि बिल्डरांना मिळणारं बिगर-बँक कंपन्यांचं कर्ज आटलं. नोव्हेंबर 2019मध्ये केंद्र सरकारला रखडलेल्या घरांसाठी 25,000 कोटींचा निधी जाहीर करावा लागला. तेव्हाचा सरकारचाच आकडा: 1,600हून जास्त प्रकल्प, 4.58 लाख घरं अडकलेली. कुठे गेला वेळेआधीचा ताबा?

राहिला रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, हे चांगलंच आहे. पण ग्राहकच आले नाहीत तर त्या खात्यात येणार काय? ताबा लांबला तर कलम 18प्रमाणे व्याजासह पैसे परत मागता येतात. घर मात्र त्याने उभं राहत नाही. शिवाय 2020च्या टाळेबंदीत महारेरानेच, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, प्रकल्पांना सहा महिने वाढवून दिले होते.

मेव्हण्याला सांगितलंय: महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाने किती मुदतवाढ घेतली आणि किती घरं विकली गेली ते बघ. मग कामाच्या दिवशी, न कळवता साइटवर जा आणि माणसं मोज. टोकनचं त्यानंतर बोलू.